कानफाट्या नाव कोण पाडतं? गुन्ह्याकडे समाजशास्त्र कसं पाहतं

वेळूची एक लांब काठी. टोकाला उघड्या तारेचा वाकवलेला हूक, त्याला जोडलेली काळी वायर आणि ती बांधाबांधाने थेट मोटरच्या स्टार्टरपर्यंत गेलेली. दिवस मावळला की काठी वर जाते, हूक लाईनच्या तारेत अडकतो, एक ठिणगी उडते आणि मोटर घरघरायला लागते. सकाळी उजाडायच्या आत काठी खाली येते आणि कडब्याच्या गंजीमागे जाऊन पडते. याला आकडा म्हणतात. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

मी तालुक्याच्या एका कॉलेजात बी.ए.च्या मुलांना समाजशास्त्र शिकवते. 'गुन्हा आणि विचलन' हा घटक सुरू करताना पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारते: तुमच्या गावात चोरी कोण करतं? उत्तरं लगेच येतात. कुणी एखाद्या जातीचं नाव घेतं, कुणी गावाबाहेरच्या वस्तीकडे बोट दाखवतं. आकड्याचं नाव आजवर एकाही मुलाने आपणहून घेतलेलं नाही. मी घेतलं की वर्ग हसतो. "मॅडम, आकड्याला कुठं चोरी म्हणतेत का?"

कायदा म्हणतो. विद्युत कायदा २००३, कलम १३५: वीजचोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाव मात्र म्हणत नाही. मग चोरी कशाला म्हणायचं? कायदा म्हणतो तिला, की चार माणसं म्हणतात तिला? मुलं या प्रश्नावर गप्प होतात आणि माझं शिकवणं तिथून सुरू होतं.

समाजशास्त्रात यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. कायद्याने ज्याला शिक्षा सांगितली तो गुन्हा. समाजाच्या रीतीबाहेर जे जातं, ज्याने भुवया उंचावतात, ते विचलन. दोन्ही एकच असतात असं आपण धरून चालतो, पण आपल्याच गावात बघा. बालविवाह हा गुन्हा आहे. २००६ च्या कायद्याने मुलीचं वय अठरा आणि मुलाचं एकवीस लागतं, लग्न लावून देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. तरीही ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत दिवाळीच्या आधी अशी लग्नं लागतात आणि पंगतीला सगळं गाव असतं. कारखान्यावर नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाची उचल कोयत्यावर मिळते, आणि वयात आलेली पोरगी सहा महिने एकटी मागे ठेवायची कशी ही आईबापाची भीती खरी असते. त्या मांडवात विचलन कुठेच नाही. उलट, अठरा पूर्ण झालेली मुलगी दुसऱ्या जातीच्या मुलाशी रजिस्टर लग्न करून आली, तर कायदा तिच्या बाजूने उभा असतो आणि गाव तिच्या बापाच्या घरी पाणी प्यायचं सोडतं. लोकांना वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. म्हणजे गावाच्या मते शिस्त लावणारे पंच कायद्याच्या मते गुन्हेगार झाले.

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे सिद्धांत परके वाटत नाहीत.

युरोपात एकोणिसाव्या शतकात गुन्ह्याचं कारण माणसाच्या शरीरात शोधायची चाल होती. इटलीचा डॉक्टर लोंब्रोझो याने १८७६ मध्ये मांडलं की जन्मजात गुन्हेगार जबड्यावरून, कानांवरून, कपाळावरून ओळखता येतो. शास्त्र म्हणून ते केव्हाच मोडीत निघालं, पण पारावरच्या बोलण्यातून गेलेलं नाही. "त्याचं तोंडच सांगतंय" असं आपण आजही म्हणतो. "रक्तातच हाय" हेही त्याचंच भावंड.

फ्रान्सच्या एमिल दुर्खीमने ही दिशाच बदलली. १८९५ च्या पुस्तकात त्याने एक विधान केलं आणि त्या काळचे लोक त्यावर चिडले: गुन्हा ही समाजातली स्वाभाविक गोष्ट आहे. गुन्हा चांगला असतो असं त्याला म्हणायचं नव्हतं. गुन्हा नाही असा समाजच सापडत नाही, म्हणून तो आजार नसून समाजाच्या घडणीचा भाग असला पाहिजे, असा त्याचा मुद्दा. त्याचं उदाहरण मला फार आवडतं. नुसत्या सज्जनांचा मठ कल्पा, तो म्हणतो. तिथे खून-दरोडे होणार नाहीत, पण आपल्याला किरकोळ वाटणाऱ्या चुकांवरून तिथे तेवढाच गहजब होईल, जेवढा बाहेर गुन्ह्यांवरून होतो. कारण चूक आणि बरोबर यांच्यामधली रेघ कुठे आहे, हे समाजाला रेघ ओलांडणाऱ्याकडूनच कळतं. एखादी घटना घडते, सगळं गाव चावडीवर जमतं, "असं कुठं असतं का" म्हणतं, आणि त्या म्हणण्यात आपण सगळे एक आहोत याची खूण पटते.

दुर्खीम पुढे जातो तो भाग आपल्याला जास्त जवळचा आहे. आजचा गुन्हा कधी कधी उद्याची नीती असतो, असं तो म्हणतो आणि सॉक्रेटिसचं नाव घेतो. अथेन्सच्या कायद्याप्रमाणे सॉक्रेटिस गुन्हेगारच होता. मी वर्गात सॉक्रेटिसवर थांबत नाही, पैठणला येते. विठ्ठलपंत संन्यास सोडून गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले, एवढ्यावरून त्यांना वाळीत टाकलं गेलं. त्यांची चार मुलं संन्याशाची पोरं ठरली आणि शुद्धिपत्र मागायला त्यांना पैठणच्या ब्रह्मसभेपुढे उभं राहावं लागलं. त्या सभेत कोण बसलं होतं, त्यांतलं एकही नाव आज लोकांच्या ओठावर नाही. ज्याचा जन्मच तेव्हा रीतीबाहेरचा ठरला, त्या ज्ञानदेवाच्या ओव्या घरोघर म्हटल्या जातात. त्याच पैठणात पुढे एकनाथ अस्पृश्याच्या घरी जेवले म्हणून बहिष्कृत झाले, असं परंपरा सांगते. आज नाथषष्ठीला तिथे पाय ठेवायला जागा नसते.

अगदी अलीकडचं पाहा. १९३८ मध्ये निजाम सरकारने हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी घातली, सत्याग्रहींना तुरुंगात टाकलं. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ सरकारदप्तरी कैदी होते. १९४८ च्या सुरुवातीला नांदेड भागात उमरीची बँक लुटली गेली आणि तो पैसा मुक्तिसंग्रामाच्या कामी आला. त्या दिवशी निजामाच्या पोलिसांच्या भाषेत तो दरोडा होता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर त्याच कृत्याला शौर्य म्हणू लागले आणि त्यात असलेली माणसं स्वातंत्र्यसैनिक झाली. कृत्य तेच, माणसं तीच, फक्त राज्य बदललं. मुलांना मी सांगते, उमरी लक्षात ठेवा, पुढचा सगळा विषय त्यातून उलगडतो.

दुर्खीमचा दुसरा शब्द 'अनोमी'. याला मराठीत प्रमाणकशून्यता असा जड शब्द आहे, सोप्या भाषेत ताळतंत्र सुटणं. समाज फार वेगाने बदलला की जुने धरबंध सैल होतात, नवे तयार व्हायला वेळ लागतो आणि माणूस अधांतरी लटकतो. फक्त गरिबी आल्यावर असं होतं असं नाही, अचानक श्रीमंती आली तरी होतं, हा त्याचा बारकावा. समृद्धी महामार्गात किंवा औद्योगिक पट्ट्यात जमीन गेलेल्या घरांनी मोबदल्याच्या पैशानंतरची पहिली दोन वर्षं पाहिली आहेत, त्यांना मी यापेक्षा जास्त काही सांगायला नको.

रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये याच शब्दाला वेगळं वळण दिलं. तो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता, फिलाडेल्फियाच्या गरीब वस्तीत स्थलांतरित आईबापाच्या पोटी वाढलेला. त्याचं म्हणणं असं: समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो, पण तिथे पोचायची शिडी सगळ्यांना देत नाही. या दोन गोष्टींत अंतर पडलं की माणसं आपापल्या परीने वाट काढतात.

हे समजायला लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत जावं. गावाकडून आलेली हजारो मुलं, कॉट बेसिसच्या खोल्या, मेसचा डबा, भिंतीवर मागच्या वर्षी डॉक्टरकीला लागलेल्यांचे फोटो. स्वप्न सगळ्यांचं एकच, जागा मोजक्या, आणि फी भरायला कुणाच्या बापाने दोन एकर विकलेले तर कुणाच्या बापाकडे सात एजन्सी. बहुतेक पोरं मान खाली घालून अभ्यास करतात, स्वप्नही मान्य आणि वाटही मान्य. काहींना स्वप्न हवं असतं पण वाट परवडत नाही किंवा जमत नाही, मग कॉपी, डमी, फुटलेला पेपर. मर्टनने याला नवी वाट काढणं म्हटलं, आणि गुन्ह्याचा मोठा भाग त्याने इथे ठेवला. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा १९८२ चा आहे, केंद्राने २०२४ मध्ये आणखी कडक कायदा आणला, आणि त्याच वर्षीच्या 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या प्रकरणात तपासाचा धागा लातूरपर्यंत येऊन पोचला. याचा अर्थ लातूरची पोरं लबाड आहेत असा होत नाही. जिथे स्वप्नाचा दाब सगळ्यात जास्त, तिथे फट पडणार, हा मर्टनचा अर्थ.

उरलेल्या तीन वाटांकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. चौथ्यांदा रिपीट करणारा मुलगा, ज्याला आता सीट मिळणार नाही हे कळलेलं आहे तरी रोज सात वाजता क्लासला जाऊन बसतो. स्वप्न गेलं, सवय उरली. दुसरा स्वप्न आणि वाट दोन्ही सोडून टपरीवर, मग दारूकडे. आणि तिसरा दोन्ही नाकारून वेगळंच स्वप्न मांडतो, आंदोलनात उतरतो, व्यवस्थाच बदला म्हणतो. मला या पाचांत सगळ्यात जास्त काळजी त्या रिपीटरची वाटते. तो कुणाला त्रास देत नाही, म्हणून तो कुणाच्याच आकडेवारीत येत नाही.

मर्टनची मर्यादाही सांगितली पाहिजे. शिडी नसलेले सगळेच चोरी करत नाहीत, आणि शिडीच्या टोकावर बसलेलेही करतात. मग चोरी करायची कशी, हे माणूस शिकतो कुठे? एडविन सदरलँडचं उत्तर आपल्या आजीला माहीत होतं: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. गुन्हा शिकावा लागतो, जशी सुतारकी शिकावी लागते, आणि तो जवळच्या माणसांत शिकला जातो, असं त्याने १९३९ ते १९४७ या काळात मांडलं. त्यात हात चालवायचं कसब येतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे "यात काही वाईट नाही" हे मनाला पटवणारी भाषा येते.

ती भाषा मी गोदाकाठी ऐकली आहे. माझे काही विद्यार्थी वाळूच्या धंद्याच्या कडेकडेने असतात. वाळू उपसायच्या केणीवर थेट उतरत नाहीत, पण रात्री फाट्यावर दुचाकी लावून बसतात आणि महसूलचं पथक निघालं की फोन करतात. याला लोकेशन देणं म्हणतात. एका मुलाने मला सगळं नीट सांगितलं, लपवाछपवी न करता. आपण काही वाळूचा हायवा डंपर चालवत नाही, नुसता फोन करतो, असं तो म्हणाला. पूर आला की नदी वाळू परत आणून टाकते, कुणाचं काय जातं? सरकारी नदी, सरकारी वाळू, सरकार काय गरीब आहे का? आणि पकडायला येणारे तरी कोणते धुतल्या तांदळाचे? शेवटी म्हणाला, "मॅडम, भावकीतल्या पोरांची गाडी हाय. आपण नाही म्हणलं तर उद्या कोण हुबं राहणार आपल्या पाठी?"

मी घरी येऊन जुनी वही काढली. ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा या दोघांनी १९५७ मध्ये अमेरिकेतल्या पोरांबद्दल नेमकं हेच लिहिलं होतं: जबाबदारी माझी नाही, नुकसान कुणाचंच नाही, ज्याचं नुकसान झालं तो त्याच लायकीचा, बोट दाखवणारेच चोर, आणि माझ्या माणसांसाठी केलं. पाचही सबबी, त्याच क्रमाने. त्यांचा मुद्दा असा की या पोरांना चांगलं-वाईट कळत नाही हे खोटं आहे. कळतं, म्हणूनच सबब लागते. ज्याला चूक वाटतच नाही तो सबब कशाला शोधेल? त्या मुलाला मी एवढंच विचारलं की त्याच्या घरच्या विहिरीचं पाणी किती खाली गेलंय. त्याने उत्तर दिलं नाही, पण दुसऱ्या दिवशी वर्गात पहिल्या बाकावर बसला.

सदरलँडचं खरं धाडस मात्र वेगळं होतं. गुन्हा गरिबीतून येतो असं सगळे मानत असताना १९३९ मध्ये अमेरिकन समाजशास्त्रज्ञांच्या परिषदेत अध्यक्ष म्हणून बोलताना त्याने विचारलं की मग कोट-टायवाल्यांचं काय? त्याने अमेरिकेतल्या सत्तर बड्या कंपन्यांचे निकाल तपासले, तेव्हा त्यांच्याविरुद्ध ९८० निर्णय सापडले. १९४९ मध्ये पुस्तक आलं, पण कंपन्यांची नावं गाळून. नावांसकट ते छापायला १९८३ उजाडलं. पांढरपेशा गुन्हेगारी हा शब्द त्या १९३९ च्या भाषणापासूनचा.

मराठवाड्यात हा शब्द शिकवायला मला पुस्तक लागत नाही. पतसंस्थेत मुलीच्या लग्नाचे पैसे ठेवलेली बाई, जादा व्याजाचा बोर्ड, एक दिवस शटर खाली. ठेवीदारांच्या रक्षणाचा कायदा १९९९ पासून आहे. पण दहा हजारांची मोटर चोरणाऱ्याला गावकरी झाडाला बांधतात, आणि हजारो घरांच्या ठेवी बुडवणाऱ्याला आधी मंचावर शाल दिलेली असते. दुसरं उदाहरण सांगताना अजूनही माझा आवाज स्थिर राहत नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या आठशेच्या जेमतेम वर. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा. त्या मुली कुणी उपाशी माणसाने, कुणी अडाणी माणसाने मोजणीतून वजा केल्या नाहीत. सोनोग्राफीचं मशीन चालवायला डिग्री लागते. ज्यांनी ते विकत घेतलं तीही बहुतेक खात्यापित्या घरातली माणसं होती. गुन्हा म्हटल्यावर आपल्या डोळ्यापुढे जो चेहरा येतो, त्यात पांढरा कोट कधी येतो का? माझ्या वर्गात एकदाही आला नाही.

हा सगळा अभ्यास पुरुषांचा, पुरुषांवर. ट्रॅव्हिस हिर्शी याने १९६९ मध्ये प्रश्नच उलटा केला: लोक गुन्हा का करतात यापेक्षा, बहुतेक लोक का करत नाहीत? त्याचं उत्तर बंध. आईबाप आणि मास्तरांविषयीचा जिव्हाळा, शिक्षण-नोकरीत गुंतवलेलं भविष्य, दिवसभराची कामं, आणि नियम योग्य आहेत हा विश्वास. हे बंध सुटले की माणूस मोकाट होतो. कॅलिफोर्नियातल्या शाळकरी मुलांची पाहणी करून त्याने हे मांडलं. माहिती मुलींचीही गोळा झाली होती, विश्लेषणातून मात्र त्या गळल्या. मला याचं वाईट वाटतं, कारण बंध म्हणजे काय हे मुलींइतकं कुणालाच माहीत नाही. "लोक काय म्हणतील" हे वाक्य माझ्या वर्गातल्या मुली दिवसातून जितक्या वेळा ऐकतात, तितक्या वेळा मुलं वर्षातून ऐकत नाहीत. कॅरोल स्मार्ट या ब्रिटिश अभ्यासिकेने १९७६ मध्ये स्त्रियांना धरून हा सगळा विषय नव्याने तपासायला घेतला, तेव्हा कुठे खिडकी उघडली. आणि हिर्शी वाचताना मला ऊसतोडीला गेलेल्या घरांतली आजीपाशी राहिलेली पोरं आठवतात. त्यांचे बंध त्यांनी तोडलेले नसतात, ते उचलीपायी तुटतात. म्हणूनच हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू होणं ही मला गुन्हेगारी रोखण्याचीसुद्धा गोष्ट वाटते.

आता बीडबद्दल बोलते, कारण सध्या ते बोलणं गरजेचं झालं आहे. २०२४ च्या डिसेंबरात जिल्ह्यात एका सरपंचाचा खून झाला आणि त्यानंतर कित्येक महिने टीव्हीवर जिल्ह्याचं नाव गुन्ह्याला चिकटूनच आलं. खून भीषण होता, संताप रास्त होता. पण पुढे काय झालं? पुण्यात खोली बघायला गेलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याला घरमालकाने गाव विचारलं, त्याने सांगितलं, आणि खोली "आत्ताच गेली". क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मके या दोघांनी शिकागोच्या बालन्यायालयाच्या नोंदी अनेक वर्षं नकाशावर मांडल्या आणि १९४२ मध्ये त्याचं पुस्तक केलं. त्यांना दिसलं की शहराच्या काही पट्ट्यांत बालगुन्हेगारीचं प्रमाण सतत जास्त असतं. तिथे आधी एका देशाचे स्थलांतरित राहत, ते बरी परिस्थिती आल्यावर निघून गेले, दुसऱ्या देशाचे आले, मग तिसऱ्या. माणसं बदलत गेली, प्रमाण तेच राहिलं. आणि जे तिथून बाहेर पडले त्यांच्यातलं प्रमाण खाली आलं. मग दोष कुणाच्या रक्तात होता? त्या पट्ट्यात सतत माणसं येत-जात होती, शेजार टिकत नव्हता, मुलांवर लक्ष ठेवणारी मंडळं, शाळा दुबळ्या होत्या. बीडला हे जसंच्या तसं लावता येणार नाही, जिल्हा म्हणजे शहरातली वस्ती नव्हे. पण प्रश्न कसा विचारायचा हे त्यातून शिकता येतं. "बीडची माणसं अशीच" म्हणण्याऐवजी विचारायचं की निम्मं गाव वर्षातले सहा महिने बाहेर असतं तेव्हा मागे सत्ता कुणाच्या हातात राहते, आणि वाळू, ठेके, विमा यांचा पैसा कुठून कुठे जातो.

ज्या सिद्धांतासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो शेवटी ठेवला आहे. हॉवर्ड बेकर शिकागोत पियानो वाजवून पोट भरत भरत समाजशास्त्र शिकला. रात्रीच्या क्लबांत त्याने वादक आणि गांजा ओढणारे जवळून पाहिले आणि १९६३ च्या पुस्तकात लिहिलं की विचलन हा कृत्याचा गुण नसतो. इतर लोक नियम करतात, तो कुणाला तरी लावतात, त्याच्यावर शिक्का मारतात, आणि शिक्का बसला तो विचलित. आपल्याकडे हे एका म्हणण्यात आहे: एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. त्याआधी १९५१ मध्ये एडविन लेमर्टने दोन टप्पे दाखवले होते. पहिली चूक कुणाच्याही हातून होते आणि विरून जाते. पण त्या चुकीवरून जग ज्या नजरेने बघायला लागतं, ती नजर माणूस हळूहळू अंगावर घेतो, आणि पुढची चूक त्या नजरेतून येते.

कानफाटे म्हणजे मुळात कान फाडून मुद्रा घालणारे नाथपंथी जोगी. म्हणीतला शिक्काही एका फिरत्या जमातीच्या नावानेच मारलेला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागायला आलेले. व्हॉट्सअॅपवरची अफवा काही दिवसांची होती. परक्या भटक्याकडे बघायची नजर फार जुनी होती.

त्या नजरेला इंग्रजांनी कायद्याचं रूप दिलं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, लोंब्रोझोच्या पुस्तकाच्याही पाच वर्षं आधीचा. आधी उत्तर हिंदुस्थानात, आणि १९११ मध्ये सगळ्या ब्रिटिश मुलखाला लागू करता येईल असा. जमातीचं नाव एकदा यादीत गेलं की त्यात जन्मलेलं मूल गुन्हेगार. पोलिसांकडे हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही, यादीला कोर्टात आव्हान नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड अशा जमातींना डांबून ठेवायची सेटलमेंट होती. निजामाच्या राज्यात लमाण तांड्यांवरही अशीच नजर होती. बेकरने जे सिद्धांत म्हणून मांडलं, ते आपल्याकडे सरकारी छापखान्यात छापलं गेलं होतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला आणि यादीतल्या जमाती विमुक्त झाल्या, त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि जुनी नजर नव्या वहीत उतरली. फासेपारध्याचं तर पोटच गुन्हा ठरलं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद केली, जे योग्यच होतं, पण फास टाकणाऱ्या हाताला दुसरं काम द्यायचं राहून गेलं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने तुरुंगांच्या नियमावल्यांतले जातीवरून काम वाटणारे आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणारे नियम घटनाबाह्य ठरवले. सुकन्या शांता या पत्रकाराने ती याचिका केली होती. कायदा १८७१ चा, त्याच्या या मुळ्या उपटायला एकशे त्रेपन्न वर्षं.

ऑस्ट्रेलियाच्या जॉन ब्रेथवेटने १९८९ मध्ये लाजेचे दोन प्रकार सांगितले. एका प्रकारात चूक केली म्हणून रागावतात आणि मग माणसाला परत जवळ घेतात, दुसऱ्या प्रकारात माणसावरच काट मारतात. पहिल्याने गुन्हे कमी होतात, दुसऱ्याने वाढतात. मराठीत यासाठी दोन शब्दप्रयोग तयार आहेत, चूक पोटात घालणं आणि वाळीत टाकणं. आपण कुणाची चूक पोटात घालतो आणि कुणाला वाळीत टाकतो, हे मात्र चुकीच्या आकारावरून ठरत नाही. आकडा टाकणाऱ्याची चूक गाव पोटात घालतं.

माझ्या वर्गात एक पारधी मुलगा होता. वस्तीवरून रोज एसटीने यायचा. एकदा त्याच्या पिशवीतून एक प्लॅस्टिकची थैली बाकावर सांडली आणि त्यातून तिकिटं बाहेर पडली. बसची जुनी तिकिटं, शाई उडालेली, महिन्यामहिन्याची रबर लावून बांधलेली. मला वाटलं, पास काढायला लागत असतील. तो ती गोळा करत म्हणाला, "कुठं चोरी झाली की आदी आमच्या वस्तीवर येतेत मॅडम. त्या दिशी मी कुठं होतो ते दाखवाया लागतं."

मी खाली वाकून त्याला तिकिटं उचलू लागले. मार्चचं एक रबर तुटलं होतं, ते त्याने दाताने गाठ मारून परत बसवलं.